परग्रहावरचा राब

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमच्या नाते नावाच्या गावात कोणी सांगू लागलं की वडाखाली बाई उभी दिसली, तर मी विचारायचे, लुगडं कुठल्या रंगाचं होतं, पायात चप्पल होती का. तिथेच गोष्ट संपायची. माझं वय एकाहत्तर, शिक्षण चौथी. हे मी वहीत लिहिलंय आणि टाईप माझ्या नातीने, स्नेहलने केलंय. तिला बजावलंय की शब्द बदलायचा नाही.

मागे या ग्रुपवर भुतांच्या गोष्टींच्या मध्येच एकाने विचारलं होतं — आईला ते अंतराळातले, शोधाशोधीचे गेम शिकवायचेत, नवख्या माणसाने सुरुवात कुठून करावी? खाली सगळ्यांनी इंग्रजी नावं टाकली होती. मला ती नावं म्हणताही येत नाहीत. पण कसा खेळ द्यावा हे मी सांगू शकते, कारण मी एका बाईला ते शिकवले. जे घडलं ते त्यातच घडलं, त्यामुळे दोन्ही एकत्रच सांगते.

दोन वर्षांपासून माझं डायलिसिस चालू आहे. महाडला, सोमवार-बुधवार-शुक्रवार, दुपारी बारा ते चार. डाव्या हातात सुया असतात, तो हात हलवायचा नाही. समोर टीव्ही, त्यावर मालिका. त्यातल्या बाया घरात दागिने घालून रडतात, ते मला बघवत नाही. म्हणून स्नेहलने तिचा जुना टॅबलेट दिला आणि त्यात खेळ भरून दिले.

तर पहिली गोष्ट, खेळ एका बोटाने खेळता आला पाहिजे. दुसरी, घाई नको. मागून राक्षस धावतोय आणि आपण चष्मा शोधतोय, असं नको. बंदुकीचे खेळ तर अजिबात देऊ नयेत. तिसरी, वाचायचं कमी असावं. मी सुरुवात केली ती चंद्रावरच्या बंद पडलेल्या स्टेशनपासून. त्यात एक छोटा यंत्रमानव आहे, तो बोलत नाही. दारं उघडायची, वायरी जोडायच्या, दिवे लावायचे. कोणी मरत नाही. नवख्याला हाच द्यावा. मग दुसरा, पाण्याखालच्या शहराचा. तो जरा डोकं खातो. आणि हे दोन झाल्यावरच तिसरा, परग्रहावरचा. एक बाई एकटीच तिथे अडकलेली, काचेचं मोठं घर, आत मातीचे वाफे. त्यात पीक काढायचं, तेव्हा कुठे परतीचं यान सुरू होतं. हा खेळ शेतकऱ्याला देऊ नये असं माझं मत आहे. शेतकरी वाद घालतो.

इंदू जानेवारीत आली. माझ्या शेजारचा, खिडकीचा बेड तिला मिळाला. अठ्ठावन्न वर्षांची, पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहणारी. वाडीतून खाली फाट्यापर्यंत तासाभराची उतरण, मग एसटी, मग महाड. तिचा मुलगा संतोष मुंबईत कामाला होता, तो आईसाठी गावी येऊन राहिला होता. बायको-पोरं तिकडेच.

पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "काकी, शिमगा झाला की मी येनार नाय. पोराचा संसार तिकडं, आन ह्यो हितं माझी पिशवी धरून बसलाय."

येणं बंद केलं तर काय होतं हे सिस्टरने तिला समजावलं होतं. आठ-दहा दिवसांत माणूस जातं. तिने ते ऐकून घेतलं होतं, न समजण्यासारखी बाई ती नव्हती.

मला काही तिची दया वगैरे आली नाही. शेजारचा बेड रिकामा झाला की दोन दिवस वॉर्डात कोणी बोलत नाही, ते मला आवडत नाही. एवढ्यासाठी मी टॅबलेट दोघींच्या बेडच्या मध्ये स्टुलावर ठेवला आणि तिला म्हटलं, खेळ.

ती म्हणाली, हे पोरांचं. मी म्हटलं, मग तू काय म्हैस आहेस का नुसतं पडून राहायला. तिला हसू आलं. बोट लावलं.

चंद्रावरचा खेळ तिने तीन आठवड्यांत संपवला. मला दीड महिना लागला होता, हे मी तिला सांगितलं नाही. त्या यंत्रमानवाला ती 'आमचा बाबल्या' म्हणायची. पाण्याखालच्या शहरात तिचं मन लागलं नाही. एवढं पाणी बघून तिला तहान लागायची आणि आम्हाला पाणी मोजून प्यायचं असतं. ते मला आधी सुचायला हवं होतं. असल्या माणसाला तो खेळ देऊ नका. तो अर्धवट सोडून आम्ही परग्रहाचा काढला.

मी एक युक्ती करत होते, ती सांगून टाकते. चार वाजायला थोडा वेळ उरला आणि खेळ रंगात आला की मी तो बंद करायचे. पुढचं बुधवारी. पुढचं शुक्रवारी. इंदूला ते कळलं होतं. म्हणायची, "लई लबाड हायस गो काकी." पण यायची.

शिमगा आला. मुंबईचे लोक गावात आले, तिच्या अंगणात पालखी आली, ती खुर्चीवर बसून होती म्हणाली. आता ही येणार नाही असं मी धरून चालले होते. शिमग्याच्या पुढच्या बुधवारी ती वॉर्डात शिरली, बेडवर बसली आणि पहिलं वाक्य — "त्या वाफ्याचा काय झाला?" न येण्याचं ती परत कधी बोलली नाही. मीही काढलं नाही.

परग्रहाच्या खेळात आम्ही अडकलो होतो. तिथली माती खराब, बी टाकलं की जळून जायचं. माती साफ करायचं एक यंत्र होतं, त्याचा एक तुकडा सापडत नव्हता. इंदूला ते यंत्रच पटत नव्हतं. भाजल्याशिवाय रोप कसं येईल, असं तिचं म्हणणं. आमच्याकडे पावसाआधी रोपाची जागा भाजून घेतात. झाडाच्या डहाळ्या, वर सुकं गवत-पातेरा, त्यावर बारीक माती, आणि मग आग. त्याला राब म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिलं. माझ्या घरी आता कोणी करत नाही, तिच्या वाडीत करतात.

एका शुक्रवारी ती ऐकेचना. काचेच्या घरातले सुकलेले वेल आणि पुठ्ठे तिने एकेक करून वाफ्यावर टाकले. खेळातल्या बाईकडे लोखंड जोडायची ज्योत असते. तिचा हात अवघडला होता म्हणून ज्योत मी लावली. भडका उडाला. एका बाजूला भिंतीत मोठा पंखा आहे, त्याच्या वाऱ्याने आग सगळीकडे पळाली. हवेचा काटा शून्यावर आला, बाई खाली पडली, खेळ संपला. म्हणजे जिथे मागे जपून ठेवला होता तिथे परत गेला.

इंदू रागावली. "वाऱ्याच्या पाठीनं लावलास तू. वाऱ्याकडं तोंड करून लावायचा, मग तो सरकत सरकत भाजतो. आन वर माती कोन टाकनार, तुझा बाबल्या?"

मी म्हटलं, तिथे हवा मोजकी आहे, आग लावून चालतच नाही, हे तुझं शेत नाही. ती म्हणाली, माती ती माती. आत्ताच परत करून दाखवते. वीस मिनिटं बाकी होती. मी टॅबलेट बंद करून पिशवीत टाकला.

"दे की आताच," ती म्हणाली.

"सोमवारी ये. मग लाव तुला हवा तसा."

सोमवारी ती आली नाही. सिस्टरने फोन केला, लागत नव्हता. त्या वाडीत तो कधीच धड लागत नाही. बेड रिकामा होता. मी टॅबलेट काढला नाही. पिशवी माझ्या पायाशी, बेडच्या दांडीला अडकवलेली होती आणि चार तास माझ्या डोळ्यांसमोर होती. घरी गेल्यावर ती पिशवी मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला असते.

बुधवारी सिस्टर म्हणाली, इंदू गेली, सोमवारीच. मी बरं म्हटलं. सुया लावून झाल्या. डब्यातलं बिस्किट खाल्लं. रडू आलं नाही, काहीच आलं नाही. मग करायला काही नव्हतं म्हणून टॅबलेट काढून चालू केला.

वाफा भाजलेला होता.

नीट लिहिते. काळा झाला होता, मधे पांढरी राख. भाजायला सुरुवात पंख्यापासून लांबच्या टोकाकडून, म्हणजे वाऱ्याकडे तोंड करून झालेली होती, तिकडची राख विझलेली, पंख्याकडच्या कडेला अजून जरासा लाल निखारा. राखेत भाजक्या मातीची ढेकळं. आणि राखेतून रोप वर आलेलं, वीतभर, दाट, हिरवंगार. हवेचा काटा पूर्ण भरलेला. खेळातली बाई वाफ्याच्या बांधावर उभी.

मी टॅबलेट उलटा करून स्टुलावर ठेवला.

चार वाजता स्नेहल मला न्यायला आली. तिला दाखवला. तिला वाटलं मीच जमवलं, ती खूश झाली. मी म्हटलं, मी नाही. मग तिने आत जाऊन बघितलं. खेळ किती तास खेळला ते त्यात लिहिलेलं असतं. शुक्रवारी मी बघितलं होतं, एक्कावन्न. आता पंचावन्न. जपून ठेवल्याची वेळ होती सोमवार, दुपारी तीन पन्नास.

स्नेहलने वाफा दोन बोटांनी मोठा करून बघितला. मग म्हणाली, "आजी, या खेळात माती उचलताच येत नाही."

ही मुलगी कॉम्प्युटरवर काम करते, मूर्ख नाही. घरी तिने तोच खेळ तिच्या लॅपटॉपवर पहिल्यापासून लावला आणि आग लावून बघितली. पंख्याकडून, समोरून, मधून. प्रत्येक वेळी बाई मेली. खेळ बनवणाऱ्या परदेशातल्या लोकांना तिने फोटो पाठवून विचारलं, त्यांनी फोटो बनवलेला आहे असं कळवलं. राब म्हणजे काय हे तिला मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं, तिचा जन्म मुंबईचा. त्यामुळे तिने केलं असं म्हणू नका. सिस्टरने पिशवीला हात लावला नव्हता. मला झोप लागून भास झाला म्हणाल, तर स्नेहलला नाही ना झाला. तो वाफा आजही टॅबलेटमध्ये आहे.

शुक्रवारी संतोष इंदूचे कागद न्यायला आला. डोकं भादरलेलं. माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी विचारलं, कशी गेली.

त्याने सांगितलं ते असं. सोमवारी सकाळी तिचे पाय सुजलेले होते, दम लागत होता. तो म्हणाला, आज राहू दे, बुधवारी जाऊ. ती ऐकेना. अर्ध्या उतरणीवर तो तिला पाठीवर घ्यायला लागला तर तिने घेऊ दिलं नाही. साडेदहाच्या सुमारास फाट्यावर पोचले. एसटीची वाट बघत ती दगडावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि तिथेच कलंडली.

"घरी राहा बोललो मी," तो म्हणाला. "तर बोलली, नाय, काकीकडं माझा काम हाय. कसला काम होता, आजी?"

मी म्हटलं, "काय नाय रे. खेळ होता."

तो कागद घेऊन गेला. टॅबलेटचं मी त्याला सांगितलं नाही. तेरावं झाल्यावर तो मुंबईला गेला असं सिस्टर म्हणाली.

आता कारण विचाराल तर मला माहीत नाही. स्नेहललाही माहीत नाही. साडेदहाला माणूस गेलं आणि त्याच दिवशी बारा ते चार, त्याच्या रोजच्या वेळेला, बंद टॅबलेटमध्ये कोणीतरी वाफा भाजला, एवढं मी सांगू शकते. पुढचा खेळ मी खेळलेले नाही. रोप लावणीला आलंय, तसंच उभं आहे.

घरी राहिली असती तर ती बुधवारी आली असती. नाहीतर घरात गेली असती, अंथरुणावर, माणसांत. मी सोमवारी ये म्हटलं आणि ती फाट्यावरच्या दगडावर गेली. हे मी कोणाला बोलले नव्हते, इथे पहिल्यांदा लिहिते आहे. स्नेहल टाईप करता करता थांबली आणि म्हणाली, आजी, एवढं छान रोप आलंय, म्हणजे ती तुझ्यावर रागावलेली नव्हती.

तिला शेतीतलं काही कळत नाही. रागात असली तरी बाई राब नीटच भाजते. मी स्वतः तसे भाजलेत.