मुद्देकाकांची खुर्ची

फोटोंना फ्रेम करून देणाऱ्या काकांना सगळी वस्ती मुद्देकाका म्हणे. वॉर्डसभेत माईक हातात आला की ते घसा खाकरत, "माझा एकच मुद्दा आहे," म्हणत, आणि तो खरोखरच एक असे. सभेत बोलणाऱ्यांची जात पाहता हे नवलच. शिवाय मुद्दा कधी स्वतःसाठी नसे. बंद पडलेला दिवा, तुंबलेलं गटार, शाळेसमोरचा खड्डा. त्यामुळे काका उभे राहिले की माणसं गप्पा थांबवून ऐकत.

हे नगरसेवकाने बरोबर हेरलं. एकदा तो वडिलांचा फोटो घेऊन दुकानात आला आणि फ्रेमची पट्टी निवडता निवडता म्हणाला, "काका, या गल्लीत अँब्युलन्स शिरत नाही. मी बोललो तर म्हणतील राजकारण करतो. तुम्ही विचारलंत तर तो लोकांचा प्रश्न होईल."

काका काही दूधखुळे नव्हते. गल्लीच्या टोकाला नगरसेवकाच्या मेव्हण्याची इमारत उठत होती आणि तिला रुंद रस्ता हवा होता, हे त्यांना ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट ठाऊक होती, पण ती त्यांनी स्वतःशीसुद्धा उच्चारली नाही. रस्ता रुंद व्हायचा तर पुढची दुकानं पडणार आणि त्यांच्यामागे अंधारात दडलेलं आपलं दुकान थेट रस्त्यावर येणार. पुढच्या दुकानांत एक वहिनींचं होतं. काकांचा थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी तिथे ब्लाउज शिवून घर चालवत होत्या.

काकांनी सभेत प्रश्न विचारला. शेजारच्या आजोबांना झटका आला तेव्हा खुर्चीत बसवून चौघांनी कसं उचलून नेलं, तेही सांगितलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. पहिली टाळी वहिनींनी वाजवली.

दुकानं पडली. काकांकडे गिऱ्हाईक वाढलं. वहिनींचं मशीन त्यांनी आपल्याच दुकानात, लाकडी पट्ट्यांच्या शेजारी ठेवून घेतलं. "तुम्ही होतात म्हणून, भाऊजी," वहिनी येता-जाता म्हणत, आणि काका मान खाली घालून खिळे ठोकत. उभ्या जन्मात त्यांचा हात काचेवर चुकला नव्हता. आता मागे मशीन सुरू झालं की रेघ वाकडी जाई आणि काच भलतीकडेच तडके. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी वहिनींनी दोरा तोडता तोडता विषय काढला.

"भाऊजी, पाडलेल्या दुकानांच्या बदल्यात आम्हाला दुसरीकडे जागा देणार होते ना? तेवढं विचाराल का उद्या? मी बोलले तर म्हणतील, हिला दुकान हवंय. तुम्ही स्वतःसाठी कधी काही मागत नाही. तुमचं ऐकतील ते."

काकांनी मान डोलावली आणि पुढची पट्टी मोजायला घेतली.

सभेला वहिनी आधीच जाऊन बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर शिवणाची पिशवी ठेवून त्यांनी काकांची जागा धरली होती. काका आल्यावर त्यांनी ती मांडीवर घेतली, आणि ते माईककडे निघाले तेव्हा पुन्हा खुर्चीवर ठेवली, दुसरं कुणी बसू नये म्हणून.

"माझा एकच मुद्दा आहे," काका म्हणाले आणि अडखळले. "रस्त्याचा प्रश्न मला साहेबांनी सांगितला होता. मी तो विचारला, कारण माझं दुकान पुढे येणार होतं. शेजारचे आजोबा मला नंतर आठवले. आता वहिनींना जागा कधी देणार, ते सांगा. हे मला कुणी विचारायला सांगितलेलं नाही. म्हणजे, वहिनींनीच सांगितलंय."

मग नगरसेवक हसत हसत उठला.

"बघा, याला म्हणतात मोठं मन. इतक्या लोकांसमोर असं कोण कबूल करतं? काकांसाठी टाळ्या झाल्या पाहिजेत."

आणि टाळ्या झाल्या. लोक उभे राहून वाजवत होते. त्या गडबडीत जागेचा प्रश्न कुठल्या कुठे गेला आणि नगरसेवकाने पुढच्या माणसाला माईक दिला.

काका परत आले. वहिनी समोर बघत होत्या, हात मांडीवर घट्ट धरून. पिशवी खुर्चीवरच होती. काका जरा वेळ थांबले. वहिनींनी ती उचलली नाही.

सभा संपेपर्यंत काका मागच्या भिंतीशी उभे राहिले.