ओट्यावरचं निलगिरीचं तेल

निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला शेणव्याचं समाजमंदिर आठवतं. पत्रे तापले होते, पंखा बंद होता आणि मी गावोगावच्या आशाताईंना ‘स्वतःच्या तब्येतीला जपा’ हे शिकवत होते. लसीकरणाचा निरोप पाड्यापाड्यांवर देऊन चालत आलेली एक ताई मागे बसून सुजलेल्या गुडघ्याला तेल चोळत होती. वासाने माझं डोकं उठलं. “प्रशिक्षण चालू आहे, ते बाहेर जाऊन चोळा!” मी सगळ्यांदेखत खेकसले. ती लंगडत ओट्यावर गेली. शेवटी सही करायला आली तेव्हा म्हणाली, “बाहेर पन आयकू आलं, मॅडम. चांगलं सांगितलंत. आमच्या तब्येतीचं कोन इचारत नाय.” आता माझेही गुडघे दुखतात. सून तेलाची बाटली घेऊन आली, की मी उठून ओट्यावर जाते.