मोरानं खाल्लेले रंग

चतुराबाईच्या दुपट्ट्याला पट्टे पाडले ते मी. कढईत नव्हे, कॉम्प्युटरवर. पण पाडले मीच, आणि शेजारी एक नाचरा मोर बसवून पाडले.

माझी भावजय सविता पेडगावात बायकांचा बचत गट चालवते. पळस फुलला की या बायका फुलं गोळा करतात, वाळवतात, उकळतात आणि त्या पाण्यात सुती दुपट्टे रंगवतात. यातली करामत अशी, की दुपट्टा एका टोकाला ताकासारखा फिकट असतो आणि दुसऱ्या टोकाला ऐन पळसासारखा केशरी. मधे रंग नेमका कुठं बदलला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. हे काम एकट्या चतुराबाईचं. ती कढईवर वाकते, दुपट्टा बुडवते आणि इतका सावकाश वर ओढते, की बघणाऱ्याला वाटावं बाईला उभ्याउभ्या डुलकी लागली. मधेच हात थबकला की त्या जागी रेघ उमटते. म्हणून ती ओढत असताना अंगणात कोणी बोलत नाही, शिंकत नाही, कोंबड्यासुद्धा हाकलून दिलेल्या असतात. एकदा मी त्या शांततेत फोनवर मोठ्यानं ‘हॅलो’ म्हणालो. त्या दिवसापासून मी आलो की कोंबड्यांबरोबर मलाही बाहेर काढतात.

तर अशा या दुपट्ट्याला संभाजीनगरच्या एका मोठ्या प्रदर्शनात जागा हवी होती. प्रदर्शन बायकांच्या गटांचं. जागा कोणाला द्यायची ते तिथली मंडळी वेबसाइटवरचं चित्र बघून ठरवणार होती. चित्र हलतं हवं, जीआयएफ याच प्रकारातलं हवं, आणि त्याच्या फाइलीचं वजन ठरवून दिलेल्या मर्यादेत हवं. सविता म्हणाली, “परभणीत कोणाकडून तरी करून घेऊ.” मी म्हणालो, “मी असताना?”

निवृत्त झालेल्या गणिताच्या मास्तरापुढं दोन वाटा असतात, भजनी मंडळ किंवा कॉम्प्युटर. माझा आवाज ऐकून मंडळानंच मला कॉम्प्युटर सुचवला.

दुपट्ट्याचा फोटो घेतला. तो वाऱ्यावर हलतोय असं केलं. मागं निळं आभाळ, भोवती झेंडूची माळ, गटाचं नाव सात रंगांत आणि कोपऱ्यात पिसारा फुलवून नाचणारा मोर. काही म्हणा, मोर देखणा होता. मात्र वजन भलतंच झालं. प्रोग्रॅममधे ‘रंग किती ठेवू?’ असं विचारणारा एक चौकोन दिसला. मी आकडा कमी करत करत सोळावर आणला आणि वजन झपकन उतरलं. मी खूश. पाठवून दिलं आणि झोपलो.

सकाळी उत्तर आलं. ‘आपली पट्टेरी ओढणी पाहिली. पट्टेरी कापडाचे गट आधीच भरपूर झाल्यामुळे जागा देता येत नाही. काही वेगळे असल्यास आज संध्याकाळपर्यंत नवे चित्र पाठवावे.’

मी चित्र उघडलं. रात्री मोराकडेच बघत बसलो होतो, दुपट्टा आत्ता पाहिला. फिकट पिवळा, मग एकदम पिवळा, मग एकदम नारिंगी, मग एकदम लाल. चार ढोबळ पट्टे, मधे ठळक रेघा. जी रेघ पडू नये म्हणून एक अख्खं अंगण श्वास रोखून बसतं, तशा तीन रेघा मी एका रात्रीत पाडल्या होत्या.

सवितानं बघितलं. मग म्हणाली, “भाऊजी, चतुराबाईला कोण सांगणार?”

“तू सांग ना.”

“मी? मोर मी काढला व्हता का?”

जागा मिळाली की चतुराबाई प्रदर्शनात लोकांसमोर दुपट्टा ओढून दाखवणार होती. आयुष्यात पहिल्यांदा ती काम घेऊन जिल्ह्याबाहेर जाणार होती. त्यासाठी तिनं नवी चप्पल घेतली होती आणि पायाला सवय व्हावी म्हणून ती घालून घरातल्या घरात फिरत होती. तिला जाऊन ‘पट्टे’ हा शब्द सांगायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती. आम्ही झरीची गाडी धरली.

झरीला सुकेशनी असते.

सुकेशनी माझ्याच हाताखाली शिकली. म्हणजे मी शिकवत होतो आणि ती समोर बसून माझ्या चुका सांगत होती. तिचे वडील सटवाजी पेंटर. पंचक्रोशीतल्या दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतीवरचे नकाशे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं, सगळं त्यांच्या हातचं. त्यांच्याकडं रंगाचे डबे मोजके, पण त्या डब्यांत नसलेले रंगही ते भिंतीवर आणायचे. झरीच्या विहारात बुद्धाच्या मूर्तीमागं त्यांनी प्रभा रंगवली आहे. मस्तकाजवळ गडद पिवळी, पुढं विरत विरत भिंतीच्या पांढऱ्यात कुठं मिसळते ते कळत नाही. ती त्यांनी जुन्या टूथब्रशनं केली. ब्रश रंगात बुडवायचा, त्यावरून अंगठा ओढायचा आणि बारीक शिंतोडे उडवायचे. मस्तकाजवळ दाट, पुढं विरळ. लहानगी सुकेशनी तिथंच घुटमळायची, त्यामुळं तिचा शाळेचा फ्रॉकही असाच एका बाजूला दाट आणि एका बाजूला विरळ असायचा. मी वर्गात तो बघितलेला आहे.

मग फ्लेक्स आले आणि सटवाजींचं काम बसलं. दुसरा कोणी असता तर फ्लेक्सला शिव्या देत बसला असता. सटवाजी गेले चौकात, फ्लेक्सला नाक लावून उभे राहिले आणि घरी येऊन लेकीला म्हणाले, “नाना रंग दिसतेत, पर जवळून बघ, निस्ते ठिपके हायेत. मशीन बी ब्रशच उडवायलंय. तू मशीन शीक.” ती शिकली. परभणीत पदवी घेतली, पुण्यात एका कंपनीत वेबसाइटवरच्या हलत्या जाहिराती बनवल्या आणि एक दिवस परत आली. का आलीस, असं मी विचारलं होतं. म्हणाली, “सर, दिवसभर मी चपला हलवत व्हते. उजवी पुढं, डावी मागं. म्हणलं, बास.” आता झरीच्या स्टँडजवळ तिचं दुकान आहे. झेरॉक्स, लग्नपत्रिका, ऑनलाइन अर्ज, आणि कोणाला लागलीच तर वेबसाइट. शेजारच्या सगळ्या दुकानांवर फ्लेक्स आहेत. हिच्या दुकानावर सटवाजींनी हातानं रंगवलेली पाटी आहे.

आम्ही पोचलो तेव्हा सटवाजी दारात स्टुलावर बसले होते. सुकेशनीनं खुर्ची दिली. मी ती तिच्या कॉम्प्युटरसमोर ओढली आणि सवयीनं माऊसवर हात ठेवला. तिनं न बोलता माझं मनगट धरून हात उचलला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. मग माझं चित्र उघडलं.

“सर, हा मोर कशाला?”

“शोभेला.”

“मोर दुपट्टे विकायलाय का?”

सविता पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघायला लागली.

“ह्या फायलीत रंगाचे डबे मोजून मिळतेत,” सुकेशनी म्हणाली. “जास्तीत जास्त दोनशे छप्पन्न. तुमी मागितले सोळा. त्यातले निळे-हिरवे मोरानं खाल्ले. आभाळानं खाल्ले. अक्षरांनी खाल्ले, माळेनं खाल्ले. सगळे जेवून उठल्यावर दुपट्ट्याच्या पानात चार रंग उरले. त्या बिचाऱ्यानं पट्टे नाही मारायचे तर काय करायचं?”

गणित मी शिकवलेलं, पण हा भागाकार मला कधी सुचला नसता.

“मग दोनशे छप्पन्न घेऊ,” मी उदारपणे म्हणालो.

“वजन?”

मी उदारपणा परत घेतला.

तिनं आधी मोर काढला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आभाळ गेलं, माळ गेली, सात रंगांची अक्षरं एका रंगाची झाली. राहिला फक्त दुपट्टा. “आता जेवढे डबे हायेत तेवढे सगळे पिवळ्यापासून केशरीपर्यंतचे,” ती म्हणाली. पट्टे पुष्कळ बारीक झाले. पण सवितानं मान हलवली. तिची नजर चतुराबाईच्या अंगणात तयार झालेली. “रेघा हायेत अजून,” ती म्हणाली. “ही बघ. ही बघ.”

दारातून आवाज आला. “शिंतोडे मार की.”

“मारायलेय, बाबा. दम धरा.”

प्रोग्रॅममधे त्याचीही सोय असते. दोन रंगांच्या सीमेवर एकाचे ठिपके दुसऱ्यात मिसळायचे, इकडं दाट, तिकडं विरळ. तिसरा रंग डब्यात नसतोच, तो बघणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतो. तिनं बटण दाबलं आणि रेघा विरघळल्या. मी उठून टाळ्या वाजवल्या. झेरॉक्सला आलेले एक गृहस्थ दचकले.

टाळ्या लवकर झाल्या. चित्राचं वजन मर्यादेच्या दुप्पट निघालं.

“असं कसं? रंग तर तेवढेच!” मी म्हणालो.

“सर, सपाट रंग असला की फाइल एका दमात सांगती, इथून तिथवर केशरी. शिंतोडे असले की एकेक ठिपका सांगत बसावं लागतं. त्यात तुमचा दुपट्टा हलायलाय. हलला की सगळे ठिपके पुन्हा पहिल्यापासून सांगा.”

“मग शिंतोडे कमी कर.”

“रेघा येतेत.”

“मग हलवू नको.”

“त्यांना हलतंच पाहिजे ना.”

हीच अडचण होती आणि संध्याकाळ जवळ यायला लागली होती. रेघ घालवावी तर वजन वाढतं, वजन घटवावं तर रेघ येते. सुकेशनीनं कपाळावर पेन्सिल टेकवली. आम्ही तिघंही गप्प झालो. मला एकदम अंगणाची आठवण झाली. इथं कढई नव्हती एवढंच. मी शिंक आली होती ती दाबली.

मग तिनं सविताला विचारलं, “ताई, चतुरामावशी दुपट्टा ओढती तेव्हा हलतं काय काय?”

सविता विचार करून म्हणाली, “काहीच नाही गं. तिचा हात हललेला पण दिसत नाही. खालून थेंब पडतो, तेवढाच.”

“झालं मग,” सुकेशनी म्हणाली.

तिनं दुपट्टा कढईवर टांगल्यासारखा उभा केला, स्थिर. शिंतोडे एकदाच मारले. आणि खालच्या केशरी टोकाला एक थेंब दिला. थेंब फुगतो, सुटतो, पडतो. पुन्हा फुगतो. हलतो तो तेवढाच, बाकी काहीही हलत नाही. फाइलीला दर वेळी फक्त थेंबाएवढंच नव्यानं सांगायचं. वजन मर्यादेत आलं, वर थोडी जागाही उरली. मी बाजूला काढलेल्या मोराकडं आशेनं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी विषय सोडला.

पाठवण्याआधी सविता म्हणाली, “चतुराबाईला दाखवल्याशिवाय नको.” चित्र पेडगावला फोनवर गेलं. थोड्या वेळानं चतुराबाईचा फोन आला. सवितानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“बघितलं. बोट फिरवून बघितलं,” चतुराबाई म्हणाली. “रेघ न्हाई. थेंब बी माझाच हाय. पर सविते, सकाळपासून तू कुठं हायेस? आन् मास्तर का घरी न्हाईत?”

सविता म्हणाली, “काही नाही मावशी, मास्तरांना जरा झरी दाखवायला आणलंय.”

त्या वाक्यासाठी मी माझ्या भावजयीचा जन्मभर ऋणी राहीन.

चित्र संध्याकाळच्या आत गेलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. जागा मिळाली. वर विचारलं होतं, की थेंब पडतो ते काम प्रत्यक्ष बघायला मिळेल का. चतुराबाई नव्या चपलेनं संभाजीनगरला गेली. भर गर्दीत तिनं दुपट्टा ओढायला घेतला तेव्हा, सविता सांगते, बघणारे आपोआप गप्प झाले. कोंबड्या नव्हत्याच, आणि मला सोबत नेलं नव्हतं.

परत आल्यावर चतुराबाईनं एक दुपट्टा बाजूला काढला. “त्या पोरीला द्या,” म्हणाली. मी तो घेऊन झरीला गेलो. सुकेशनीनं घडी उघडली, हातभर लांब धरून बघितला, मग डोळ्यांजवळ नेऊन बघितला. आणि जाऊन सटवाजींच्या गळ्यात घातला. म्हातारा लाजला. दुपट्ट्याचं टोक डोळ्यांना लावून बराच वेळ निरखत बसला. “ह्यात ठिपके न्हाईत,” हळूच म्हणाला. “ही बाई ब्रश उडवत न्हाई. ही आपल्याहून मोठी हाय बग.”

“हाय की,” सुकेशनी म्हणाली.

मी खुर्चीत बसून दोघांकडं बघत होतो. मनात आलं, माझ्या हातून इतका मोठा घोटाळा झाला आणि कोणीही मला तोडून बोललं नाही. सवितानं मला झाकलं. सटवाजींनी आपला टूथब्रश लेकीच्या हाती दिला आणि तोच माझ्या कामी आला. आणि ही पोरगी, वर्गात माझ्या चुका सांगणारी, अजूनही सांगते. मास्तराला याहून जास्त काय मिळायचं असतं? निवृत्तीच्या समारंभात केलं नव्हतं एवढं लांब भाषण मी तिथं केलं. म्हणालो, “सुकेशनी, तू चतुराबाईचा मान राखलास, सविताच्या गटाचा राखलास, माझा तर राखलासच. तुझे आभार कसे मानावेत तेच मला कळत नाही. म्हणून म्हटलं, तुझ्यासाठी आभाराचं एक छानसं हलतं चित्र करावं. छोटंसंच. कोपऱ्यात फक्त एक—”

“आभार राहू द्या सर, आधी माऊस सोडा.”