ब्लँकेट आणा, हुरडा खा

आदिलाबाद जिल्ह्यात आजवर जेवढी समाजसेवा झाली, तिच्यातली निम्मी आमच्या व्याह्यांनी केली आणि उरलेली निम्मी लोकांनी त्यांच्या तावडीतून लवकर सुटावं म्हणून केली, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी त्यांना तोंडावर कधी ऐकवलं नाही. ऐकवणार कसं? मी मुलीचा बाप. मुलगी ज्या घरी दिली त्या घरच्या माणसाने सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं, तर आपण फार तर "आज जरा उशिरा उगवला" इतकंच म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. तिचा जेवढा फायदा या गृहस्थाने घेतला तेवढा सासुरवाडीला जाणाऱ्या जावयानेही कधी घेतला नसेल.

आदिलाबाद आंध्र प्रदेशात होतं तेव्हाचे हे दिवस. व्याही तहसील कचेरीतून निवृत्त झालेले आणि आदिलाबादच्या एका सेवा क्लबाचे सेक्रेटरी. अध्यक्ष दरवर्षी बदलत, सेक्रेटरी बदलत नसत. मी जवळच्या बेला गावात मास्तर होतो, नुकताच निवृत्त झालो होतो आणि उरलेलं आयुष्य चार एकर वावराच्या बांधावर बसून घालवावं एवढीच माझी इच्छा होती. पण महिन्यातून एकदा तरी मोटारसायकलचा आवाज येई, दारातून खणखणीत "जयभीम इवाई!" ऐकू येई आणि मी हातातलं काम ठेवून उठे. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. पुढचं वाक्य ठरलेलं असे. "आधी हो म्हणा इवाई, मंग इचारा काय ते."

चार माणसं एकत्र दिसली की त्यांचा कार्यक्रम केल्याशिवाय या माणसाला अन्न गोड लागत नसे. माझ्या मुलीच्या लग्नात पंगत बसली, वरण वाढून झालं, आणि हे माईक घेऊन उभे राहिले. आधी प्रास्ताविक, मग आचाऱ्याचा सत्कार, मग मंडपवाल्याचं मनोगत. मंडपवाला तेलुगू बोलत होता, त्याचं भाषांतर व्याह्यांनी स्वतः केलं आणि ते मूळ भाषणाच्या तिप्पट झालं. वरणावर साय धरली. नातवाच्या नामकरणाला त्यांनी मला माझ्याच घरात स्वागताध्यक्ष नेमलं आणि छातीला असा भला मोठा बिल्ला लावला की नातू तो पाहून रडायला लागला. बायको मला म्हणाली, "काढून टाका ना तो." मी म्हटलं, "आभारप्रदर्शन होईपर्यंत काढता येत नाही."

एरवी वर्षभर हा ताप मध्यम असे, थंडी पडली की चढे. आमच्याकडची थंडी म्हणजे साधी गोष्ट नाही. सकाळी विहिरीतून वाफ निघते आणि म्हातारी माणसं दहापर्यंत गोधडीबाहेर तोंड काढत नाहीत. नेमक्या अशा वेळी व्याह्यांना सेवेची उबळ येई. एका डिसेंबरात त्यांनी गुडीहत्नूरच्या हमरस्त्यावर सकाळी सहा वाजता आरोग्य दौड ठेवली. वाहतुकीचा अडथळा नको म्हणून स्वतः लाल निशाण घेऊन रस्त्यात उभे राहिले. हैदराबादकडे जाणाऱ्या लॉऱ्यांची रांग लागली. थंडीत नुसतं बसून कंटाळलेला एक सरदारजी ड्रायव्हर खाली उतरला, गंमत म्हणून चपलांवरच पळाला आणि पहिला आला. क्लबाच्या एका सभासदाने हरकत घेतली. व्याह्यांनी तहसिलीतल्या आवाजात निकाल दिला, "मौक्यावर हाजीर होता का नाही? मंग ढाल त्याचीच." ती बक्षिसाची ढाल पंजाबात कुठेतरी असेल.

तर ज्या हिवाळ्याची गोष्ट सांगायची आहे, तो याच्या पुढचा. क्लबाने नार्नूरकडच्या खेड्यात डोळे तपासणीचं शिबीर घेतलं होतं. तिथे एका छोट्याशा संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. जवळपासच्या पाड्यांवरच्या गोंड मुली तिथे राहून शाळेत जात. त्या एकेका चादरीत दोघी-तिघी झोपतात हे व्याह्यांनी पाहिलं आणि तिथल्या तिथे, सगळ्या मुलींना उभं करून, शब्द दिला की नाताळाच्या आत प्रत्येकीला एक ब्लँकेट. असा शब्द देताना हा माणूस कोणाला विचारत नसे. विचारायला तो नंतर बेल्याला येई.

"आधी हो म्हणा इवाई."

"हो," मी म्हटलं.

"तुमच्या वावरात हुरडा पार्टी करून राह्यलो आपण. आदिलाबादची मंडळी येते. तिकीट म्हणजे एक नवं ब्लँकेट. ब्लँकेट आणा, हुरडा खा! कशी काय आयडिया?"

आयडिया खरंच चांगली होती, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. ज्वारी माझी, गोवऱ्या माझ्या, तीळ-शेंगदाण्याच्या चटण्या माझ्या बायकोच्या, आणि माझं मत विचारायचं ते "कशी काय" एवढंच. मी कणसं चाचपून सांगितलं, पंधरा डिसेंबरच्या आसपास दाणा भरतो, पुढे आठ दिवस हुरडा कोवळा राहतो, त्यातला कोणताही दिवस धरा. त्यांनी अठरा तारीख धरली आणि निमंत्रणं छापली. मग त्यांना आठवलं की प्रमुख पाहुणे ठरवायचे राहिले.

पाहुणे म्हणून एक मोठे साहेब हवे होते. साहेबांना अठरा जमेना. तारीख पंचवीस झाली. पंचवीसला साहेबांच्या घरी कार्य निघालं, तारीख दोन जानेवारी झाली. मी आदिलाबादला जाऊन सांगितलं, "इवाई, हुरडा साहेबाची वाट पाहत नसते. दाणा निबर होऊन राह्यला."

"साहेबाबिगर कार्यक्रमाले वजन येत नाही ना."

"वजन दाण्याले येऊन राह्यलं!"

त्यांनी मान डोलावली आणि तारीख आठ केली. मी पत्र टाकलं. चौथ्या दिवशी कार्ड आलं: "आपले पत्र पावले. विषय समितीपुढे ठेवला आहे." समिती म्हणजे ते स्वतः. मुलीला निरोप दिला, तर ती म्हणाली, "बाबा, जाऊ द्या ना. त्यायचा सोभाव तुमाले मालूम हाये." इकडे नार्नूरहून वॉर्डनबाईंची चिठ्ठी आली होती. दोन मुली तापाने फणफणल्या म्हणून आईबाप येऊन घेऊन गेले, आणखी चार जायच्या म्हणतात, ब्लँकेटचं काही होईल का? व्याह्यांनी ती चिठ्ठी मला वाचून दाखवली तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. मी छत्तीस वर्षं शाळेत काढली. अशी घरी गेलेली मुलगी उन्हाळ्यापर्यंत रानात दिसते, वर्गात दिसत नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं.

आठ जानेवारीला सकाळी एक बस, वीसेक मोटारसायकली आणि ब्लँकेटं न्यायला ठरवलेला टेंपो असं सगळं बेल्याला माझ्या वावरात येऊन ठेपलं. साहेब आले नाहीत, त्यांना हैदराबादला बोलावलं होतं. व्याह्यांनी बांधावर टेबल टाकून प्रत्येक ब्लँकेटचा पंचनामा सुरू केला. देणाऱ्याने ते स्वतः डोक्यावरून घ्यायचं, विहिरीजवळच्या लिंबाच्या सावलीत पाच मिनिटं बसायचं आणि ऊब लागली की सांगायचं. न लागली तर ब्लँकेट नामंजूर. त्या सावलीत वकील, डॉक्टर, कापसाचे अडते अशी प्रतिष्ठित मंडळी डोक्यावरून ब्लँकेट घेऊन ओळीने बसली होती आणि रस्त्याने जाणारे बैलगाडीवाले गाडी थांबवून विचारत होते, कोण गेलं म्हणून. एका सेठजींनी गुपचूप शाल पुढे केली. व्याह्यांनी तिचा काठ पाहिला आणि म्हणाले, "सेठजी, ये शाल तो हमनेच आपको पिछले साल ओढाई थी." सेठजी मुकाट्याने गाडीतून ब्लँकेट घेऊन आले.

मग आगटी पेटली, कणसं भाजली, चोळली, आणि जे व्हायचं होतं ते झालं. दाणा खड्यासारखा झाला होता. एका वकिलाची दाढ दुखावली. डॉक्टर हसले, मग त्यांनीही एक घास चावून पाहिला आणि हसणं थांबवलं. कुजबुज सुरू झाली, कुजबुजीची बोंब झाली. कोणीतरी म्हणालं, "हुरडा नाही तर ब्लँकेट वापस द्या!" बाकीच्यांनी ते उचलून धरलं. अर्धेअधिक थट्टेत बोलत होते, हे मला कळत होतं. दुसरा कोणीही असता तर त्याने हसून वेळ मारून नेली असती.

आमचे व्याही टेंपोवर चढले. खिशातून यादी काढली आणि पहिलं नाव पुकारलं.

"हे काय करून राह्यले तुमी?" मी धावत जाऊन विचारलं.

"ब्लँकेट वापस. आपण लेखी देल्लं इवाई, ब्लँकेट आणा, हुरडा खा. हुरडा नाही, मंग ब्लँकेट कोन्या तोंडानं ठेवू?" डोळ्यांत पाणी होतं. आणि तरी त्यांनी दुसरं नाव पुकारलं. पुकारलेला माणूस ब्लँकेट घेऊन खरोखर चालायला लागला.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तीन आठवड्यांचा राग होता की सगळ्या वर्षांचा, कोण जाणे. मी वर्गात ओरडत असे तसा ओरडलो.

"खाली बसा सगळे!"

त्या गर्दीत माझे जुने विद्यार्थी बरेच होते. ते आधी बसले, त्यांचं पाहून बाकीचे बसले. दाढवाले वकील गाल धरून बसले.

"थंडीपायी पोरी शाळा सोडून घरी चालल्या, अन् तुमाले हुरडा पाहिजे? ठेव ते ब्लँकेट टेंपोत!" चालू लागलेल्याने ठेवलं. मग मी वर पाहिलं. "अन् तुमी! उतरा खाली! तीन खेपा सांगतलं, निबर झाला, निबर झाला. कोनाचं ऐकाचंच नाही? साहेब पाहिजे यायले! ठेवा तो कागद खिशात!"

बायकोच्या हातातलं सूप खाली पडलं. शंभर माणसांसमोर मी मुलीच्या सासऱ्यावर ओरडलो होतो. व्याही टेंपोवरून उतरले, कागद खिशात ठेवला आणि पहिल्या रांगेत जागा पाहून मांडी घालून बसले.

पुढचं बायकोने सांभाळलं. आगटीचा विस्तव तयारच होता, तिने बांधावरची वांगी आणून त्यात पुरली. गावातल्या चार बायका भाकरी थापायला बसल्या. भरीत, भाकरी, ठेचा आणि हुरड्यासाठी केलेल्या चटण्या. मंडळींनी असा हात मारला की वांग्याचं झाड उरलं, वांगं उरलं नाही. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी हुरडा नकोच, हेच ठेवा.

दुपारीच आम्ही दोघे टेंपोत पुढे बसून निघालो. नार्नूरला व्याह्यांनी भाषण केलं नाही, हे माझ्या माहितीतलं पहिलं आणि शेवटचं उदाहरण. त्यांनी प्रत्येक मुलीला नाव विचारलं, ब्लँकेट दिलं आणि शेवटी दोन ब्लँकेटं वॉर्डनबाईंच्या हाती ठेवली. घरी गेलेल्या दोघींची. "त्यायच्या घरी निरोप धाडा बाई. इथं हाये म्हणा तुमचं."

परतताना दिवस कलला होता. उटनूर मागे पडलं. मग ते म्हणाले, "इवाई, एक इचारू? इतक्या वर्सांपासून तुमी माह्या हरेक कामात आले. काऊन आले? पोरगी आमच्या घरी हाये म्हणून?"

माझा घसा बसला होता. वावर तुडवलं गेलं होतं. राग अजून उतरला नव्हता. मी म्हटलं, "हो. पोरगी तुमच्या घरी हाये म्हणून."

ते हसले. "बराबर हाये. ते बी बराबर हाये," म्हणाले, आणि खिडकीची काच वर करून बाहेर पाहत राहिले.

पुढचा हिवाळा त्यांनी पाहिला नाही. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत, दोन दिवसांच्या आजारात गेले. क्लबाची माणसं डिसेंबरात बेल्याला आली आणि चाचरत विचारू लागली, यंदा काय करायचं म्हणून. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. नार्नूरला दरवर्षी मी स्वतः जातो. घरी गेलेल्या दोघींपैकी एक परत आली होती, तिला दहावीपर्यंत पाहिलं. जावयाची बदली होऊन मुलगी कधीच हैदराबादला गेली, आता त्या घराला भ्यायचं मला काही कारण उरलेलं नाही. टेंपोत मी त्यांना खोटं सांगितलं. गुडीहत्नूर यायच्या आत एवढंच म्हणायचं होतं की, इवाई, पोरगी दिली नसती तरी आलो असतो.