दीड जीबी आणि पणतीचे मुखदर्शन

श्रीगजाननास व कुलस्वामिनीस वंदन करून, पणतीच्या नामकरणाच्या दिवशी घडलेल्या यवतमाळ ते दिग्रस या प्रवासाची हकिगत लिहितो. बारसे पुण्यास होते. परंतु दिग्रसच्या यजमानांना वास्तुशांतीचा शब्द मी आधीच दिला होता. ज्येष्ठाने प्रथम बाळाचे मुख पाहावे आणि मगच नाव उच्चारावे, ही आमच्या घराण्याची रीत. म्हणून नात मधुरेने बजावले, "आजोबा, चारला व्हिडिओ कॉल करा. रविवार आहे, साडेचारला राहुकाळ लागतो."

सकाळी सातच्या एसटीत खिडकी मिळाली. मोबाईलवर देवीच्या आरतीचे थेट दर्शन लावून, आवाज बंद करून, हात जोडून बसलो. दारव्ह्यापुढे दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीचे पीक) पांढरी फुटली होती. वेचणाऱ्या बायांच्या ओट्या फुगलेल्या दिसत होत्या. दिग्रस आले तेव्हा आरती संपली होती, दर्शन मात्र चालूच होते. विसर्जनाचा उपचार झाल्यावाचून देवीला मध्येच कसे बंद करावे? मोबाईल तसाच उपरण्यात गुंडाळून पिशवीत ठेवला.

वास्तुशांती यथासांग झाली. जेवणास गोळाभात (डाळीचे गोळे घातलेला भात) होता. मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा ताट पुढे केले.

चार वाजता बसस्थानकासमोर उभे राहून कॉल लावला. पडद्यावर एक चक्र फिरत राहिले आणि संदेश आला: आजचा डेटा पूर्ण वापरला गेला आहे. साधा फोन मात्र लागला.

"आजोबा, पाळणा सजलाय, आत्या वाकून उभी आहे. तुम्ही दिसत का नाही?" मधुरा घाईने विचारत होती.

शेजारच्या गॅरेजातून ग्रीसने माखलेले हात पुसत एक गृहस्थ आले. पाटीवर त्यांचे नाव होते: इनायतभाई.

"काय झालं, गुरुजी? मले दाखवा."

त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन वापराची यादी उघडली. "दीड जीबी होतं, सारं व्हिडिओत गेलं. सकाळपासून बंद काहून (का) नाही केला?"

मी दर्शन चालू ठेवण्याचे कारण, बारसे आणि साडेचारचा राहुकाळ, सारे सांगितले. ते खदखदून हसले. "म्हणजे देवीमाय दिवसभर थैलीत फिरून राह्यली! अन् भाडं तुमच्या डेट्यानं भरलं!"

मलाही हसू आले. पण घड्याळात चार वाजून एकोणीस मिनिटे झाली होती.

"आता रिचार्ज कराले टाइम नाही. माझं हॉटस्पॉट घ्या, सारं वापरा." त्यांनी आपला मोबाईल माझ्या मोबाईलशेजारी धरला आणि आत वळून ओरडले, "अरे, कॉम्प्रेसर बंद कर! गुरुजी नाव ठेवून राह्यले!"

सारे गॅरेज स्तब्ध झाले. पडदा उजळला आणि जांभई देणारे एक लालबुंद मुख दिसले. त्या इवल्या ओठांकडे पाहताना पाठ असलेला आशीर्वादाचा श्लोक मी दोन ठिकाणी चुकलो. मग म्हणालो, "मैत्रेयी." आत्याने ते बाळाच्या कानात सांगितले. चार पंचवीस.

"माशाअल्ला," इनायतभाई हलकेच म्हणाले, "जांभई तं अगदी आजोबावर गेली."

त्यांनी डेट्याच्या वापराची सूचना एक जीबीवर लावून दिली. मी देवीला नमस्कार केला, विसर्जनाचा मंत्र म्हटला आणि मगच ते दर्शन बंद केले.

परतीच्या एसटीत मधुरेने पाठविलेले छायाचित्र आले; उघडेना. धूसर चौकट तेवढी दिसत होती. डेटा उद्याच मिळणार. मी मोबाईल बंद केला आणि डोळे मिटले. तिथे पणती स्पष्ट दिसत होती, आणि तिच्या शेजारी ग्रीसने माखलेला एक हात, मोबाईल न हलू देता धरलेला.

वाचकहो, तुमच्या घरी लेकरे सुखात वाढोत, वडीलधाऱ्यांना आरोग्य लाभो, आणि अडल्या वेळी असा हात तुमच्याही शेजारी उभा राहो. शुभं भवतु.