काकूंची वाळत घालायची तार

आमचे काका शर्यतीच्या कॅटमरान बोटींच्या डोलकाठ्या आणि तारा सांभाळतात. तार जखडणाऱ्या पोलादी कडीवर, म्हणजे शॅकलवर, केसाएवढी चीर दिसली की ती कडी बोटीवरून बाद. पण फेकतील तर काका कसले! ती घरी येते आणि काकूंच्या कपड्यांच्या तारेला लागते. वर काका म्हणतात, "काही होत नाही, अजून दहा वर्षं टिकेल!"

गेल्या शर्यतीच्या सकाळी नवी कडी सापडेना, म्हणून काकांनी घर डोक्यावर घेतलं.

"ती तारेला लावलीय," काकू शांतपणे म्हणाल्या. "चिरलेली तुमच्या डब्यात ठेवलीय. काही होत नाही, अजून दहा वर्षं टिकेल. आणि माझ्या चादरी वाळेपर्यंत तारेला हात लावायचा नाही."

बोटी सुटायची वेळ झाली, तरी काका अंगणातच वाऱ्याची वाट बघत उभे.