कडुनिंबावरचं वायफाय

त्या वर्षी पऱ्हाटी एवढी माजली होती की तिच्यात उंट शिरला असता तर मालकाला दवंडी पिटवावी लागली असती. हे मी वाढवून सांगतोय, पण फार नाही. कपाशीची झाडं माणसाच्या डोक्यावर हातभर गेली होती, बोंडाबोंडात गुलाबी अळी बसली होती, आणि फवारणाऱ्याला पंपाची नळी आभाळाकडे धरून औषध मारावं लागत होतं. वर मारलेलं औषध खाली येणार कुठं? त्याच्याच तोंडावर. रोज कुठल्या ना कुठल्या गावातून कुणीतरी दवाखान्यात जात होतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न विचारत, "काय मारलं होतं?" घरचे सांगत, "लाल झाकणाचं."

आर्णीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. रात्रंदिवस खपून मी मोबाइलचं ॲप बनवायला शिकलो होतो, आणि जिल्ह्यात आपल्याएवढा हुशार माणूस नाही अशी माझी खात्री होती. लाल झाकणाचा किस्सा ऐकला आणि मी ॲप बनवलं. बाटलीचा फोटो काढा, बटण दाबा, फोटो सरळ सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरच्या फोनवर. डॉक्टर म्हणाले, फोटो मोठा आणि स्वच्छ पाहिजे, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणून मी त्यात एक अक्कल घातली. ॲप उघडलं की ते फोनला विचारायचं, बाबा, तू कशावर आहेस? काहीच नसलं तर फोटो जपून ठेवायचा. मोबाइलचं नेट असलं तर फोटो बारीक करून पाठवायचा. आणि वायफाय असलं तर अख्खा, जसाच्या तसा. वायफाय म्हणजे भरपूर नेट, हे मी देवाच्या वचनासारखं धरून चाललो होतो. दुकानातलं वायफाय तसंच होतं ना!

हे ॲप दाखवायला मी एका सकाळी आर्णीपासून अर्ध्या तासावरच्या बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर गेलो. तांड्यावर पाय ठेवला आणि माझ्या फोनची रेंज गेली, पण वायफायच्या पट्ट्या मात्र भरून आल्या. मी चकितच झालो. आर्णीत तहसीलदाराकडं नसेल असं वायफाय, आणि तांड्यावर!

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

तांड्यातली एक म्हातारी, सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई, तिनं बोट वर केलं. मोठ्या कडुनिंबाच्या तिसऱ्या फांदीला एक पिशवी दोरीनं लटकवलेली होती. तांड्यावर रेंज म्हणून जी काही होती ती तेवढ्याच उंचीवर यायची. म्हणून तिच्या घरातला टच फोन रोज सकाळी दोरीनं वर चढवत, त्याचं वायफाय चालू ठेवत, आणि खाली बसलेल्यांचे फोन त्यावर चालत. फोन खाली ओढला की रेंज गायब. बोलायचं असेल तर वर चढून बोलायचं.

मी टाळ्या वाजवल्या. वरचा तो फोन स्वतः कसल्या नेटवर लटकलाय, हे मात्र विचारलं नाही. माझ्या ॲपनंही विचारलं नाही. आम्ही दोघंही एकाच डोक्याचे.

बायांना जमवून मी भाषणाला उभा राहिलो तेवढ्यात धुऱ्याकडून, म्हणजे शेताच्या बांधाकडून, ओरडा झाला. याडीच्या मुलाला दोघांनी खांद्यावर टाकून आणलं होतं. तो तांड्यातला सगळ्यात पक्का फवारणारा. दुसऱ्याच्या शेतात सकाळपासून पंप पाठीवर घेऊन होता. तोंडातून फेस, अंगाला घामाच्या धारा, डोळ्यांतल्या बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या. इथं मी काही वाढवत नाही.

दुधाची जीप उभी होती. त्याला मागं निजवलं, बायको चढली, जीप निघाली. बाटल्या राहिल्या. दोन बाटल्या, दोन्हींतलं औषध त्यानं एकाच पंपात कालवलं होतं, तसं त्या वर्षी सगळेच करत. शेजारच्या पोरसवदा गड्यानं त्या शेतातून पळत आणल्या आणि फटफटीला किक मारली.

"मी जातो घेऊन. जीपच्या मागं मागं."

आणि मी, जिल्ह्यातला सगळ्यात हुशार माणूस, त्याला म्हणालो, "काहून धावून राह्यला बे? जीप आर्णीच्या अर्ध्या वाटेवर असन तवा फोटो डॉक्टरच्या हातात राहीन. बस खाली."

त्यानं फटफटी बंद केली. याडीनं माझ्याकडं पाहिलं.

दोन्ही बाटल्या दगडावर उभ्या करून मी एकच फोटो काढला. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. बटण दाबलं. ॲपनं फोनला विचारलं, कशावर आहेस? फोन म्हणाला, वायफाय. ॲपनं अख्खा फोटो उचलला, आणि पाठवायला लागलं. हिरवी पट्टी सरकू लागली. दोन टक्के. तीन टक्के.

तीन टक्के.

तीन टक्के.

"गेला का?" याडीनं विचारलं.

"जाऊन राह्यला."

चार टक्के व्हायला एवढा वेळ लागला की तेवढ्यात मी एक बिडी पेटवून विझवली असती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खालचं वायफाय चकाचक होतं, पण ते जाऊन मिळत होतं वरच्या पिशवीतल्या फोनला, आणि तो फोन जुन्या काळच्या नेटच्या एका धाग्याला धरून लोंबत होता. म्हणजे गावात दहा फुटी रस्ता, आणि वेशीबाहेर पायवाट. त्या पायवाटेवर मी हत्ती सोडला होता.

फोटो बारीक करून परत पाठवावा तर ॲपमध्ये तशी सोयच ठेवली नव्हती. वायफाय असताना कोण कशाला बारीक पाठवेल?

वीस टक्के. जीप आता डांबरी रस्त्याला लागली असेल. तीस. चाळीस. मी पट्टीकडं असा पाहत होतो जसं काही माझ्या नजरेनं ती ढकलली जाईल. फटफटीवाला उठून उभा राहिला, परत बसला, परत उठला.

"जाऊ का?"

"थांब ना बे! अर्धा गेला."

एकसष्ट टक्क्यांवर वरचा फोन वाजला. बँडबाज्याची धून, सगळ्या तांड्याला ऐकू जाईल अशी. आणि पट्टी जागच्या जागी थिजली. त्या नेटचं तसंच होतं, बोलणं सुरू झालं की बाकी सगळं बंद. वाजायचं थांबलं, पट्टी बासष्टवर गेली. परत वाजला. परत थिजली.

"फोन वाजून राह्यला, भिया," याडी म्हणाली. भिया म्हणजे भाऊ.

"वाजू दे याडी! उचलला तं फोटो अडकते. कोन साला आत्ताच मेला फोन करून राह्यला!"

थांबला. त्रेसष्ट. परत वाजला.

याडी जवळ आली. माझ्या फोनकडं नाही, माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"माझी सून दवाखान्यात पोचली असन. तिले एकच नंबर पाठ हाय. हाच." तिनं वर बोट केलं. "अन् हा डॉक्टरच असन तं?"

मला उत्तर माहीत होतं, आणि तरी माझा डोळा त्रेसष्टवर होता. ते मी कुणाला सांगत नाही.

तिनं लुगड्याचा काचा मारला आणि कडुनिंबाला हात घातला. साठीची बाई. पहिल्या फांदीवर पाय, दुसऱ्या फांदीवर गुडघा, फटफटीवाला खालून तिच्या टाचा धरतोय, आणि वर बँडबाजा चालूच. तिसऱ्या फांदीला तिनं दंडाचा वेढा घातला, पिशवी ओढली, फोन कानाला लावला. माझी हिरवी पट्टी विझली.

"हाव... हाव, मी त्याची माय." मग वरून आवाज आला, "भिया! डॉक्टर हाय! तो म्हन्ते, दोन इंजेक्शनं हायेत. एक देऊन राह्यला. दुसरं देऊ का नको, ते बाटलीवर हाय. म्हन्ते, वाच!"

मी बाटली उचलली. अक्षरं मुंगीएवढी, इंग्रजी. याडीला मराठीही वाचता येत नव्हतं. मी एकेक तुकडा तोडून वर फेकू लागलो.

"प्रो!"

"प्रो," ती फोनमध्ये म्हणाली.

"फे!"

"फे."

"नो! फॉस!"

"नो. फॉस." ती थांबली. "तो म्हन्ते, परत एकदा सांगा. सांगू का?"

"सांग, परत सांग!"

तिनं परत सांगितलं, चारही तुकडे, ओळीत, एकही न सांडता. मग दुसरी बाटली. मग आकडे. आकडे मी ओरडत होतो आणि माझा आवाज फाटत होता, तिचा नाही. जिच्या पोटचा पोरगा तिकडं पडलेला, तिनं ते नाव असं उच्चारलं जसं बाजारातून काय आणायचं ते कुणाला बजावून सांगतात.

"समजलं म्हन्ते," ती वरून म्हणाली. "ठेवला त्यानं."

मग ती तिथंच फांदीवर बसून राहिली. उतरेना. फटफटीवाल्यानं माझ्या हातातून दोन्ही बाटल्या घेतल्या, मला विचारलं नाही, किक मारली. मी धावत जाऊन मागं बसलो. त्याच्या कानात सांगण्यासारखं खूप होतं, पण आर्णीपर्यंत मी गप्प होतो. माझ्या आयुष्यातला तो विक्रम आहे.

दवाखान्यात दुसरं इंजेक्शन देऊन झालं होतं. डॉक्टरनी बाटल्या पाहिल्या, मान हलवली. "नाव बरोबर होतं," म्हणाले. "पंधरा मिनिटं मी तो नंबर लावत होतो. काहून उचलत नव्हता?"

त्या प्रश्नाला मी आजवर चौदा उत्तरं तयार केली आहेत.

तो वाचला. पाचव्या दिवशी घरी आला. हात थोडे दिवस कापत होते, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरायचा. त्या दिवसानंतर ॲप मी पहिल्यांदा उघडलं ते त्याला भेटायला निघताना, दुकानातल्या वायफायवर. मी पोचलो तर तो कडुनिंबाखाली भाकरी मोडून खात होता, आणि तेव्हाच डॉक्टरचा फोन आला, कडुनिंबावरच. फटफटीवाला चढला आणि वरूनच हसत सुटला.

"तुमचा फोटो पोचला म्हन्ते! आत्ता! लई साफ हाय म्हन्ते!"

त्या दिवसापासून माझं ॲप वायफाय आहे का, असं विचारून भागवत नाही. आधी औषधाच्या नावाची दोन-चार अक्षरं पाठवतं, पायवाटेवरून मुंगी जावी तशी, आणि तिकडून 'पोचलं' असं उत्तर आल्याशिवाय हिरवं होत नाही. फोटो नंतर. आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, फोन वाजत असेल तर आधी उचला.

पण त्या दुपारी भाकरी खाता खाता याडीच्या मुलानं मला विचारलं, "काय झालं होतं ते सांगा ना, भाऊ. मी तं बेसुद होतो."

झालं. मला कुणी सांगा म्हटलं की माझा तोल जातो. मी सांगायला लागलो. पऱ्हाटीपासून सुरुवात केली, उंट घातला, पट्टी घातली, बँडबाजा घातला. आणि बोलता बोलता कसा कोण जाणे, मी स्वतःच कडुनिंबावर चढलो. पहिली फांदी, दुसरी फांदी, दंडाचा वेढा. फोन कानाला लावला. प्रो, फे, नो, फॉस. बायका ऐकत होत्या, फटफटीवाला मान खाली घालून काडीनं माती उकरत होता.

याडी चुलीपाशी होती. तिनं मला चढू दिलं, बोलू दिलं, फोन ठेवू दिला. मग तव्यावरची भाकरी उलटून तिनं विचारलं, "तू वर होता, भिया, तं खाली कोन होतं?"

तिच्या मुलानं हातातला घास तसाच धरून माझ्याकडं पाहिलं.

"खाली मी होतो," मी म्हणालो. "वर याडी होती." आणि मग फटफटी मी थांबवली ते, आणि फोन उचलू नका म्हणालो ते, त्याच्या डोळ्यांकडं बघून सगळं सांगितलं.